चष्मेवाल्याची सही

चष्मेवाल्याच्या थोरल्या मुलीला गल्ली 'फूटपट्टी' म्हणायची, आणि तिची फूटपट्टी केली होती तिच्या बापानंच. भिंगाचा नंबर पावानं चुकला तरी तो गिऱ्हाइकांसमोर तिची खरडपट्टी काढायचा. लोकांचे डोळे आपल्या हातात असतात, तिथं लबाडी चालत नाही, हे तिनं इतक्यांदा ऐकलं होतं की एकोणिसाव्या वर्षी ती फटकळ, हट्टी आणि फारशी कुणाला न आवडणारी पोरगी झाली होती.

धाकटा भाऊ त्याच दुकानात वाढला, पण युद्ध सुरू झालं तेव्हा तो जेमतेम बारा वर्षांचा होता. शाळेत रोज कवायत, रस्त्यावर रोज मिरवणूक, आणि घरी आई त्याला 'माझा शिपाई' म्हणून चारचौघांत मिरवायची. चष्म्याशिवाय त्याला हातभर अंतरावरचं माणूस ओळखू येत नव्हतं. तरी शिपाईगिरीचं भूत त्याच्या मानगुटीवर बसलं. ते बसवणारी सगळी मोठी माणसं मात्र घरात आरामात चहा पीत होती.

अठरा पूर्ण होताच तो भरतीला गेला आणि पास होऊन आला. कसा, ते फूटपट्टीला लगेच कळलं. भरतीच्या डॉक्टरकडचा अक्षरांचा तक्ता आणि दुकानातला तक्ता एकच होता. त्या तक्त्याखाली रांगलेल्या पोराला तो झोपेतही म्हणता आला असता. तिच्या अंगाचा तिळपापड झाला. दुसऱ्या दिवशी तो चष्मा घरी टाकून गणवेश आणायला निघाला, तेव्हा चष्मा मुठीत घेऊन तीही त्याच्यामागोमाग कचेरीत शिरली.

तक्ता बदला, एवढंच तिनं भावाला ऐकू जाणार नाही असं डॉक्टरच्या कानात सांगितलं. त्यानं कुरकुरत दुसरा लावला. भाऊ छाती काढून उभा राहिला आणि खणखणीत आवाजात जुन्याच तक्त्याच्या ओळी म्हणत सुटला. रांगेतली पोरं खिदळली. डॉक्टर हसला नाही. त्यानं फायलीतून एक कागद काढला. नजर निर्दोष असल्याचा दाखला, खाली बापाची सही. बापानं तो परस्पर आणून दिला होता. भावालाही ते ठाऊक नव्हतं, तो बिचारा आपल्याच हुशारीवर खूश होता. डॉक्टर म्हणाला, हा कागद फायलीत आहे तोवर माझे हात बांधलेत; ज्यानं सही केली त्यानं येऊन दाखला खोटा आहे म्हणावं, मी पोराला आत्ता सोडतो.

बापाला दुकानातून बोलावून आणलं. पोरांना पोचवायला आलेले शेजारी दाराशी उभेच होते. तुमचा अजून घरीच कसा, असं महिनाभर याच लोकांनी त्याला विचारून हैराण केलं होतं. बापानं त्यांच्याकडे बघितलं, मुलाकडे नाही.

"दिसतं त्याला," तो म्हणाला. "पोरीचं डोकं फिरलंय."

पाव नंबरासाठी तिला रडवणारा हा माणूस. तोंडापर्यंत आलेल्या शिव्या तिनं गिळल्या. भावाच्या डोळ्यांवर चष्मा चढवला, दुकानात करायची तशीच काड्या कानांमागे नीट बसवल्या, आणि त्याची हनुवटी धरून तोंड बापाकडे वळवलं.

"आता बघ," ती म्हणाली. "तुला मरायला कोण पाठवतंय, ते नीट बघून घे."

भाऊ बघत राहिला. बापानं मान खाली घातली, पण दाखला मागे घेतला नाही.