उसात पडलेलं विमान

वारंगा फाट्यावरच्या चहावाल्याचा फोन आला तेव्हा मी मोडक्या विमानाच्या नाकाला टेप लावत बसलो होतो. "मास्तर, सलीमभाई गेले." मी विचारलं, "कुठं गेले?" असा मी मठ्ठ! आदल्या दिवशी संध्याकाळी आम्ही दोघं माळावर सोबत होतो, मग माणूस जाईल कुठं… त्याला आता चाळीस दिवस उलटून गेले. त्या प्रश्नाची लाज अजून वाटते, पण छातीवर दगड बसलाय तो दुसऱ्याच गोष्टीचा.

फाट्यावर सलीमभाईंचं पाण्याच्या जळालेल्या मोटारींत नवी तार भरून द्यायचं दुकान. डोंगरकड्याच्या शाळेतून मी निवृत्त झालो आणि घरात माझी कटकट इतकी वाढली, की बायको म्हणाली, "काहीबी करा, पण चार तास घराबाहेर व्हा." त्याच आठवड्यात विहिरीवरची मोटार जळाली म्हणून त्यांच्या दुकानात गेलो, तर छताला थर्माकोलचं विमान टांगलेलं. "हे उडतं?" "उडतं की. तुमी उडवता का?" झालं, साठीच्या माणसाला खूळ लागलं. पहिल्या महिन्यात मी तीन नाकं मोडली. विमान आपल्याकडं तोंड करून येऊ लागलं की डाव्या-उजव्याचा घोळ व्हायचा आणि मी रिमोटवर, वाऱ्यावर, सगळ्या जगावर चिडायचो. सलीमभाई शांतपणे म्हणायचे, "थर्माकोल जुडते मास्तर, डोकं न्हाई जुडत. दम खा." त्यांचे नियम दोनच. उडवायच्या आधी मागं उभं राहून रिमोटची काडी हलवायची, शेपटीची पट्टी बराबर वळते का ते बघायचं आणि मोठ्यानं म्हणायचं, 'डावं… उजवं.' दुसरा नियम असा, की जो पाडील त्यानंच विमान आणायचं.

त्या शेवटच्या संध्याकाळी माझं विमान नुकतंच दुरुस्त केलेलं होतं. शेपटीची पट्टी वळवणारी सळई मीच घरी बसवली होती, आणि ती उलट्या बाजूला अडकवली होती. म्हणजे डावं दिलं की विमान उजवीकडं जाणार. वारा सुटायच्या आत उडवायची मला कोण घाई! सलीमभाई विमान डोक्यावर धरून, माझ्याकडं पाठ करून उभे होते. त्यांना शेपटी दिसत नव्हती. मी काडी हलवली, 'डावं… उजवं' म्हणालो, आणि बघितलंच नाही. माझ्या शब्दावर त्यांनी विमान सोडलं. ते गर्रकन फिरलं आणि समोरच्या उभ्या उसात घुसलं. नियमानं मी जायला पाहिजे होतं. पण माझा गुडघा सुजलेला, म्हणून ते म्हणाले, "तुमी बसा." किती तरी वेळानं ते उसातून बाहेर आले. हातांवर पात्यांचे ओरखडे, थंडीच्या दिवसात अंगरखा घामानं चिंब. बांधावर टेकले आणि म्हणाले, "छातीत जरा जड वाटून राहिलं." मी म्हणालो, "दमलात." त्यांच्याकडं न बघता म्हणालो. मी विमानाचं नाक बघत होतो.

चाळिसाव्या दिवसाचा विधी झाला, त्याच्या दुसऱ्या दिवशी भाभींना सगळं सांगायचं ठरवून गेलो. नवरा गेल्यावर चार महिने दहा दिवस परक्या पुरुषासमोर न येता इद्दत पाळायची त्यांच्यात रीत, म्हणून भाभी पडद्याआड बसलेल्या. चेहरा दिसत नव्हता, ते एक बरं वाटलं आणि एक वाईट. मी म्हणालो, "भाभी, त्या दिवशी विमान माझ्या चुकीनं पडलं. ते त्यांनी उसातून आणलं."

पडद्यामागून त्या म्हणाल्या, "तुमच्या हातून पडलं? ते तर म्हणले, आज माझ्याच हातून पडलं."

मास्तरची लाज जाऊ नये म्हणून माणूस घरी जाऊन खोटं बोलला होता!

"मास्तर, या चाळीस दिवसांत मले झोप न्हाई," भाभी बोलत होत्या. "ज्याच्या हातून कधी पडलं न्हाई, त्याच्या हातून पडलं म्हंजे हातातला जोर गेला. मी बोलले, दवाखान्यात चला. ते हसले, न् मी गप बसले. काहून गप बसले मी? …तर त्यांचा हात बराबर होता?"

"एकदम बराबर होता, भाभी."

पडद्याआड त्या रडत होत्या. थोड्या वेळानं त्यांची लेक सलीमभाईंचा रिमोट घेऊन बाहेर आली. आतून भाभी म्हणाल्या, "तुमीच ठेवा. खरं सांगितलं तुमी. आता मले काही घोर न्हाई."

मी रिमोट घेतला आणि उठलो. त्यांच्या छातीत जड वाटत होतं, ते सांगितलं नाही. कसं सांगणार? नुकता तर त्यांचा घोर उतरला होता… असं स्वतःला समजावत फाट्यावर आलो, आणि खरं म्हणजे मी भ्यालो.

आता रिमोट माझ्या टेबलावर आहे. डाव्या काडीचं टोक त्यांच्या अंगठ्यानं झिजून गुळगुळीत झालंय. मी तिथं बोट ठेवतो आणि काढून घेतो. हे मी पेपरच्या ज्या रविवारच्या पुरवणीसाठी लिहितोय, ती भाभींची लेक त्यांना दर आठवड्याला वाचून दाखवते. म्हणजे हे छापून यायच्या आधी मला वारंग्याला जाऊन त्या पडद्यासमोर पुन्हा बसलं पाहिजे. आज सकाळपासून मी दोनदा चप्पल घातली, आणि दोनदा काढून ठेवली.