वलांडीवरचं प्लास्टिक

सुयोग सपोर्ट लावायला विसरला. मशीनने ही बातमी त्याला तीन तासांनी दिली, आणि दिली तीही चारचौघांत. नारिंगी झाकण उघडून बघतो तर चोवीस प्याल्यांपैकी एकवीस रेझिनच्या ट्रेमध्ये पडलेले, करपलेल्या साबुदाण्यासारखा गोळा होऊन.

"वाट लागली," तो म्हणाला. म्हसवडच्या शाळेत त्याला हस्ताक्षराचं बक्षीस मिळालं होतं. मुलुंडच्या या गाळ्यात त्याचा उपयोग एवढाच, की चुकांच्या वहीतली त्याची पानं अगदी सुवाच्य होती.

हे थ्रीडी छपाईचं मशीन वस्तू उलटी छापतं. खाली ट्रेमध्ये पातळ रेझिन, तळातून जांभळा उजेड, आणि वरून त्यात बुडणारी धातूची प्लेट. उजेड पडेल तेवढं रेझिन घट्ट होतं, प्लेट केसभर वर जाते, मग पुढचा थर. वस्तू अशी प्लेटला उलटी लटकत वाढते. ती गळून पडू नये म्हणून तिला बारीक काड्यांनी प्लेटला बांधायचं. त्या काड्या म्हणजे सपोर्ट. छापून झालं की काड्या तोडायच्या आणि तोडलेल्या जागी उरलेलं पुरळ घासून काढायचं.

हे पुरळ घासायचं काम कल्पिताचं.

कल्पिताचं माहेर मढचं, सासर माहुलचं. नवरा धर्मा अजून खाडीत होडी घालतो, पण खाडीत आता मासळीपेक्षा तवंग जास्त. मासळीच्या टोपलीवर घर चालेना तेव्हा ती मुलुंडला आली आणि तीन वर्षांत तिच्या अंगठ्याला अशी सवय झाली, की डोळे मिटून फिरवला तरी कुठला दाणा राहिला ते कळायचं. जेवणाच्या सुट्टीत ती सुयोगच्या डब्यातली शेंगदाण्याची चटणी चाखायची आणि म्हणायची, "तुम्ही घाटावरचे लोक वाळू पण तिखट लावून खाल."

पण या वेळी अंगठाही कमी पडत होता. अंधेरीच्या एका कंपनीला पाण्याच्या मशीनसाठी झडपेचे प्याले हवे होते, दर लॉटला अडीचशे. प्याल्याच्या काठावर रबराची रिंग बसायची. पुरळ जास्त घासलं तर काठ खोल जायचा, कमी घासलं तर रिंग उचलायची, आणि दोन्हीकडून पाणी गळायचं. दोन लॉट परत आले होते. गाळ्याचे मालक श्यामसुंदर राणे यांनी सोमवारी सगळ्यांसमोर सांगून टाकलं होतं, की शुक्रवारचा लॉट परत आला तर घासायचं काम बाहेर जाईल. म्हणजे कल्पिता घरी. आणि आज बुधवार.

राणेंनी ट्रेमध्ये डोकावून पाहिलं. "मेल्या, रेझिन काय तुझ्या आवशीन म्हसवडातसून धाडल्यान?" असं म्हणून ते फोनवर बोलत बाहेर गेले. राग आला की ते मालवणीत शिरायचे आणि तिथून लवकर परत यायचे नाहीत.

कल्पिता मात्र ओरडली नाही. हातमोजे चढवून तिने प्लेटवर टिकून राहिलेले तीन प्याले खरवडून काढले, स्पिरिटमध्ये धुतले आणि अंगठा फिरवला. मग पुन्हा फिरवला.

"सुयोग, इकडे ये. यांना पुरळ नाय."

"सपोर्टच नव्हते, तर पुरळ कुठून येणार ताई?"

"तेच सांगते रे बावळट! सपोर्ट नसून हे तीन टिकले कसे?"

सुयोगने फाइल उघडली. एकवीस प्याले त्याने सवयीने तिरके ठेवले होते. ते प्लेटला फक्त कडेने चिकटलेले, म्हणून गळून पडले. शेवटचे तीन मांडताना आईचा फोन आला आणि ते सरळच राहून गेले, अख्खा काठ प्लेटवर सपाट. त्यांची अंगं आरशासारखी आली होती. फक्त प्रत्येकाच्या कुशीला जो छोटा आडवा कान होता, तो तिन्हींचा तुटलेला.

"कान हवेत सुरू होतो," सुयोग म्हणाला. "त्याच्या वरच्या थरात धरायला काही नाही. म्हणून कानाला काडी लागतेच."

कल्पिताने तुटके प्याले उलटे धरले, प्लेटवर लटकतात तसे. बराच वेळ बघत राहिली. मग एकदम हसली.

"अरे, हे बोंबील हायत!"

"काय?"

"आमच्या मढला वलांडीवर बोंबील सुकवतात, बघितलंस कधी? बांबू रोवून दोऱ्या ताणतात. बोंबील पाण्यासारखा मऊ, त्याला टोचून अडकवला तर फाटतो. म्हणून काय करतात, दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवायचे. जोडी दोरीवर टाकली की एक हिकडे, एक तिकडे. हा त्याला धरतो, तो ह्याला. सुतळी नाय, खिळा नाय." तिने दोन प्याले समोरासमोर धरले. "कानात कान अडकव."

सुयोगने माऊस पुढे ओढला. दोन प्याले समोरासमोर ठेवायचे, आणि कान आडवे ठेवायचे नाहीत, तर दोघांच्या कुशीतून तिरके उतरवत मध्ये जोडायचे. तिरका कान म्हणजे प्रत्येक थराला वरच्या थराचा आधार. आणि मध्ये जोडला गेला की शेजारी शेजाऱ्याला धरणार! त्याने अंधेरीच्या जान्हवी मॅडमना फोन लावला. त्या म्हणाल्या, कानाचा आकार बदलला तरी चालेल, काठ तेवढा सपाट द्या.

"पण ताई," सुयोगला राहवेना, "सपोर्टच गेले तर तू काय घासणार?"

"ते शुक्रवारनंतर बघू. हा लॉट परत आला तर तसंही घरीच बसायचंय."

एक अडचण उरली होती. काठ आता थेट प्लेटवर छापला जाणार, आणि प्लेटवर तर खरवडण्याचे ओरखडे. ते सगळे काठावर उमटणार. कल्पिताने जाड काचेवर पाणी लावून घासायचा पॉलिश पेपर पसरला, प्लेट पालथी घातली आणि गोल गोल घासायला लागली. "अडीचशे तोंडं घासायची ती एकच घासते," ती म्हणाली. दोन तासांनी प्लेटमध्ये सुयोगचं तोंड दिसलं. ती म्हणाली, हे तोंड बघून प्लेटवर पुन्हा ओरखडे पडल्यासारखं वाटतं.

गुरुवारी सकाळचा पहिला घाणा फसला. कान झकास आले, एकही तुटला नाही, पण सुरुवातीचे थर पसरून काठ फुगला. सुयोगने काठाच्या बाहेरच्या कडेला बारीक उतार दिला. दुपारी प्लेट वर आली तेव्हा दोघंही झाकणाला नाक लावून उभे होते. प्याल्यांच्या जोड्या कानात कान घालून ओळीने लटकत होत्या, आणि ट्रे स्वच्छ!

"अगं आई गं!" सुयोग ओरडला.

"वलांडी लागली!" कल्पिताने ओले हातमोजे तसेच त्याच्या पाठीवर मारले. शर्ट कायमचा गेला. त्याला शर्टाचं काही वाटलं नाही.

मात्र संध्याकाळी हिशेब घातला तर दोघांची तोंडं उतरली. या वेगाने शुक्रवारपर्यंत लॉट पुरा होत नव्हता. कल्पिता त्याच्या खुर्चीवर बसली, माऊस मुठीत धरून, जणू तो पळून जाणार आहे. "एवढी जागा मोकळी का सोडलीस? टोपलीत मासे कसे लावतात, डोकं-शेपटी, डोकं-शेपटी." तिने जोड्या आडव्यातिडव्या सरकवल्या. चोवीसच्या जागी अडतीस बसले. मशीन रात्रभर चाललं.

शुक्रवारी जान्हवी मॅडम स्वतः आल्या. त्यांनी लॉटमधून हाताला येईल तो प्याला उचलला, रिंग बसवली, पाण्याची बाटली जोडली आणि पंपाने दाब दिला. खाली कोरा कागद. कल्पिता कागदाकडे बघतच नव्हती, भिंतीकडे बघत होती. पाच मिनिटं झाली. कागद कोरा. मॅडमनी दुसरा घेतला, मग दहावा.

"चालतंय," त्या म्हणाल्या. "पुढचे पण असेच द्या."

त्या गेल्यावर राणे कल्पितासमोर उभे राहिले. "घासूक आता काय उरला नाय. मगे तू काय करतलंस?"

"कानाचा जोड कोण कापणार?" कल्पिता म्हणाली.

"तो कापूक दोन मिनिटां लागतत."

"आणि प्लेटवर अडतीस कोण बसवणार? हा घाटी?"

राणेंनी सुयोगकडे पाहिलं. सुयोगने प्रामाणिकपणे मान हलवली. त्याचे चोवीसच बसायचे.

"मगे सोमवारपासून त्या खुर्चयेवर बस," राणे म्हणाले. "हो उभ्यान काम करीत."

अशी सुयोगची खुर्ची गेली. त्या संध्याकाळी तो म्हणाला, "ताई, बुधवारची माझी चूक तू निस्तरलीस. बोल, काय देऊ?"

"रविवारी मढला ये. माझ्या आईकडची एक टोपली बोंबील टांगून दे. एकच टोपली."

त्याला आता पाच रविवार झाले. एकदा कपडे धुवायचे होते, एकदा मामा आला होता, बाकीच्या वेळी कारणं इतकी भक्कम नव्हती. दर सोमवारी कल्पिता खुर्चीवरून मागे न बघता विचारते, "टोपली?" आणि सुयोग उभ्याउभ्या म्हणतो, "येत्या रविवारी, नक्की."