कागदाची मागची बाजू

गीतकाराला सगळे मात्रामास्तर म्हणत, कारण जेवतानासुद्धा त्यांचा डावा हात मांडीवर मात्रा मोजत असे. तीस वर्षांत त्यांनी अर्थ नसलेली एकही ओळ लिहिली नव्हती आणि तीस वर्षांत त्यांचं एकही गाणं चाललं नव्हतं. या दोन गोष्टींचा काही संबंध असेल, अशी शंका त्यांना कधी शिवली नाही.

या धंद्यात चाल आधी येते. शब्द तयार होईपर्यंत गायकाला चाल पाठ व्हावी म्हणून गीतकार काहीबाही खरडून देतो. त्याला डमी म्हणतात. मास्तर एका चालीची डमी लिहायला बसले तेव्हा बायको स्वयंपाकघरातून ओरडत होती. तेच कागदावर उतरलं:

झाकण कुठंय, चिमटा कुठंय,
हुप्पा चुप्पा बादली!

मग सतरा दिवस घासूनपुसून त्यांनी खरं गाणं लिहिलं. बायकोसाठी लिहिलेलं आयुष्यातलं पहिलंच. काटकसरी स्वभावाला जागून ते त्याच कागदाच्या पाठीवर उतरवलं आणि पाठवून दिलं. स्टुडिओत कागद उलटायची तसदी कुणी घेतली नाही.

महिन्याभरात बादली दवाखान्यात, व्यायामशाळेत, शाळेच्या बसमध्ये वाजू लागली. एका समीक्षकाने लिहिलं, की महायुद्धाने पोळलेल्या दादावादी कलावंतांनी शहाण्या जगाविरुद्ध निरर्थकाचा झेंडा उभारला होता, तोच आज या बादलीवर फडकतो आहे. झाकण म्हणजे दडपलेला समाज, चिमटा म्हणजे सत्ता. बादलीपाशी मात्र विद्वानांत दोन तट पडले.

"अहो, हा दादा कोण?" बायकोने विचारलं.

"तू," मास्तर कडवटपणे म्हणाले.

संगीतकार पेढ्यासारखा गोड झाला. "मास्तर, आणखी एक असंच द्या. मग तुमचं ते मागच्या बाजूचं रेकॉर्ड करतो. शब्द दिला."

जन्मभर अर्थ आणायला झगडलेला माणूस आता त्याला हाकलायला बसला. पण अर्थ चिवट पाहुण्यासारखा. पुढच्या दाराने घालवावा, तर मागच्या दाराने हजर.

"'खट्टक खुट्टक कडी लागली'," संगीतकाराने फोनवर वाचून पाहिलं. "मास्तर, यात कुणीतरी घर सोडून चाललंय."

"मग 'टिप्पर टप्पर ओले जोडे'?"

"तो परत आला! अर्थ येतोय हो. जरा मोकळे व्हा."

आठ दिवस मास्तर मोकळे होत राहिले. नवव्या दिवशी बायको दोरीवर कपडे टाकताना पुटपुटत होती, "पायमोजा एकटा, दुसरा गेला खड्ड्यात, गुबगुब गालिच्या, शेपूट तुझं भांड्यात..."

"हे काय?"

"मांजराशी बोलतेय. तुमच्याशी बोलून काय मिळतं?"

मास्तरांनी ते निमूटपणे उतरवून घेतलं. या वेळी मागची बाजू कोरी ठेवली.

संगीतकाराने शब्द पाळला. एका संध्याकाळी मास्तरांनी बायकोला समोर बसवून खरं गाणं ऐकवलं. 'घरभर तुझाच आवाज, म्हणून मी गप्प' ही ओळ आली तेव्हा त्यांचा डावा हात मांडीवरच होता, पण मोजत नव्हता.

"माझ्यावर आहे?"

"हं."

"चांगलंय हो." तिने पदराने डोळे टिपले. "पण सगळं लगेच कळतं. मग दिवसभर गुणगुणायला उरलं काय?"

ती उठून स्वयंपाकघरात गेली. क्षणभराने आतून सूर आला, "झाकण कुठंय?"

तीस वर्षांत पहिल्यांदाच मास्तर उठून झाकण शोधायला गेले.