धर्मशाळेच्या दोरीवरचं पोलकं

हैदराबादच्या पोलिस ॲक्शनला चार-पाच वर्षं झाली होती, तरी आमच्या सेलूत पोलक्यांच्या बाह्या अजून कोपरापर्यंत सरळसोटच होत्या. अशात मोंढ्यातल्या एका धान्याच्या व्यापाऱ्याच्या लेकीचं लग्न परभणीच्या घरी ठरलं. तिनं हैदराबादला कुणाच्या तरी अंगात फुग्याच्या बाह्या बघितल्या होत्या आणि लग्नात तशाच पाहिजेत म्हणून ती हटून बसली. तिची आई रेशमी कापड घेऊन माझ्याकडे आली. "जमंल ना?" म्हणाली. "त्यात काय अवघड हाय?" मी म्हणाले. माझं तोंड असंच, डोक्याच्या आधी पळणारं.

जुन्या धोतराच्या कापडावर चार वेळा करून बघितलं. चुण्या घातल्या, काढल्या, परत घातल्या. फुगा खांद्यावर उभा राहायच्या ऐवजी ओल्या पोतेऱ्यासारखा लोंबायचा. मी परक्यांचं शिवते हेच मुळात माझ्या सासूबाईंना, आत्याबाईंना, पसंत नव्हतं. त्यांनी एकदाच सांगितलं, "लोकाचं रेशीम नासवलंस तर मशीन माळ्यावर जाईल. मग घरच्यांचंच फाटकंतुटकं शिवीत बस."

त्या मशीनवर माझा किती जीव होता ते काय सांगू! मी नवऱ्याच्या मागे लागले. हैदराबादला हिवाळ्यात मोठं प्रदर्शन भरायचं, सगळे त्याला नुमाइश म्हणायचे. वर्षभराच्या नव्या फॅशनी आधी तिथं दिसायच्या, मग आमच्याकडे यायच्या. तिथं जाऊन डोळ्यांनी बघितल्याशिवाय फुगा जमणार नाही, हे मी पटवलं. आत्याबाई म्हणाल्या, मीही येते, भावाकडे उतरू.

इथंच घोडं अडलं. त्यांच्या भावाचं घर नदीपलीकडे, लांब. पाहुणे म्हणून गेलं की जेवणं, मानपान, शेजारच्यांना भेटणं, आणि सुनेनं स्वयंपाकघरात राबणं. नुमाइश कधी बघायची? मला कुणाकडून तरी कळलं होतं की प्रदर्शनाच्या फाटकाजवळ एक धर्मशाळा आहे. मी ती धरून बसले.

"भाऊ गावात असताना आमी धर्मशाळेत उतरायचं? त्याला कळलं तर तो मला उंबऱ्यावर उभी तरी करील का?"

"आत्याबाई, तुमच्या भावाकडं पोळ्या लाटायला चाललो का आपन?"

गाडीत पार पिंगळी स्टेशन मागे पडेपर्यंत हे चाललं. नवरा खिडकीबाहेरच बघत होता. शेवटी म्हणाला, "दोघी ठरवा, मी सामान उचलतो." मी ठरवलं. आत्याबाईंनी भावासाठी घेतलेला लाडवांचा डबा मांडीवर घट्ट धरला.

संध्याकाळी नुमाइशीत शिरले तेव्हा माझं काळीज नुसतं उड्या मारत होतं. एवढे दिवे, एवढी कापडं, एवढ्या नटलेल्या बायका! आणि दहा पावलांतच लक्षात आलं, थंडी मरणाची. एकूण एक बाई शालीत गुरफटलेली. कुणाचा खांदा दिसेना, बाही दिसेना. एका दुकानात पुतळ्याच्या अंगात फुग्याचं पोलकं होतं, पण काचेच्या आत. फुगा कसा ताठ उभा होता! तो कशाच्या जोरावर उभा आहे हे बाहेरून कळायला मार्ग नव्हता. दुसऱ्या दिवशीही तेच झालं. मला रडू आलं. ते आत्याबाईंनी बघितलं, ते जास्त लागलं.

तिसऱ्या दिवशी परतायचं होतं. सकाळी तोंड धुवायला धर्मशाळेच्या चौकातल्या नळावर गेले. दोरीवर उतारूंचे कपडे वाळत होते. रंग उडू नये म्हणून बायका पोलकी उलटी करून वाळत घालतात, मीही घालते. त्यात एक जांभळं पोलकं होतं, फुग्याचं. आणि ते उलटं होतं!

मी तांब्या तिथंच टाकला. सगळी शिवण माझ्यासमोर उघडी होती. मुंढ्यात, म्हणजे बाही खांद्याला जुळते तिथं, आतून, चुण्यांच्या खाली, जाड खळीच्या कापडाची बोटभर रुंद पट्टी शिवलेली. एवढंच! फुगा तिच्यावर टेकून उभा होता. मी कमरेला खोचलेला दोरा काढला आणि मापं घेऊन गाठी मारायला लागले.

"अगं ए, माझ्या पोलक्याला काय करायलीस?" मागून एक बाई ओरडली. चौक गोळा झाला. पोलकं तर माझ्या हातातच होतं.

गर्दीतून आत्याबाई पुढं आल्या. "चोर न्हाई ती," त्या म्हणाल्या. "माझी सून हाय. शिवनारी हाय. सेलूत तिच्यावानी कुनी न्हाई."

ती बाई नांदेडकडची निघाली. हसली आणि दुसरी बाही स्वतःच माझ्यापुढं धरली. निघताना आत्याबाई भावाकडे लाडू देऊन आल्या, आजच सकाळी उतरलो म्हणून सांगितलं.

पोलकं जमलं. पण लग्नात नवरीनं दोन्ही खांद्यांवरून शालू घेतला आणि वरून शेला. एकाही माणसाला फुगा दिसला नाही. मांडवात मी हिरमुसून बसले होते. नवरीला पोचवायला सगळे स्टेशनवर गेलो. गाडी हलली तशी तिनं शेला नि पदर बाजूला केला आणि खिडकीतून अख्खा हात बाहेर काढून हलवला. खांद्यावर रेशमी फुगा, ताठ.

फलाटावरच्या बायका बघतच राहिल्या. आणि भाऊ असून धर्मशाळेत राहिल्याचं कुणाला कळू नये म्हणून महिनाभर जपणाऱ्या आत्याबाई भर फलाटावर ओरडल्या, "आमच्या सुनंनं शिवलाय! हैदराबादला धर्मशाळेत राहून शिकून आलीय!"