मुरुडचं पाणी

हट्टाच्या बाबतीत चन्नबसप्पाला हरवणारा माणूस अख्ख्या मुरुडात नव्हता. बाजारपेठेत किराणा दुकान, कपाळावर विभूतीचे तीन पट्टे, लिंगायताच्या रीतीने गळ्यात पांढऱ्या वस्त्रात बांधलेलं इष्टलिंग, आणि जीभ अशी तिखट की उधारीचं गिऱ्हाईकसुद्धा गल्ली बदलून जाई. त्याच्या बायकोने, रत्नम्माने, एवढी वर्षं संसार केला तो एक कान बंद ठेवून. दुसरा कान मात्र तिने कायम उघडा ठेवला होता, कारण हा माणूस जे बोलत नसे तेच खरं ऐकण्यासारखं असतं, हे तिला लग्नानंतर लौकरच उमगलं होतं.

लातूर जिल्हा होऊन चार-पाच वर्षं झाली होती. नवं कलेक्टर ऑफिस, नवे साहेब, रंग न वाळलेल्या पाट्या. पण जिल्हा नवा झाला म्हणून आभाळ काही नवं झालं नाही. पावसाने पुन्हा दगा दिला, आड तळाला गेले, आणि बाया टँकरच्या वाटेकडे डोळे लावून बसू लागल्या. रत्नम्मा भांडी राखेने कोरडीच घासायची. चन्नबसप्पा तांब्याभर पाण्यात आंघोळ उरकायचा आणि पूजेला बसायचा. डाव्या तळहातावर लिंग घ्यायचं, त्यावर पळीभर पाणी सोडायचं, विभूती लावायची. ती एवढीशी पळी त्याच्या मनाला फार लागे. "देवाला न्हाऊ घालून राहिलो का त्याचं तोंड पुसून राहिलो, काय कळंना," असं तो पुटपुटे. पूजेशिवाय अन्नाचा कण नाही की पाण्याचा घोट नाही, हा मात्र नेम कधी मोडला नाही.

अशात रत्नम्माच्या डोक्यात समुद्राने घर केलं. जन्मात एकदा तरी तो बघायचाच. रत्नागिरीची सहल निघणार होती, मुरुडातली बरीच व्यापारी मंडळी जाणार होती. अडचण एकच होती, आणि ती लहान नव्हती. सहलीची गाडी वीरभद्रची होती.

वीरभद्र हा चन्नबसप्पाचा सख्खा धाकटा भाऊ. बहात्तरच्या दुष्काळात दोघं एकत्र राहत होते. विहिरीतला गाळ काढताना वीरभद्रच्या गळ्यातला दोरा तुटला आणि लिंग गाळात गेलं. हात सोलवटेपर्यंत त्याने गाळ चिवडला, पण सापडलं नाही. ज्याचं लिंग गेलं त्याने जगू नये, असा जुन्यांचा दंडक. रडकुंडीला येऊन वर आला आणि त्याने प्यायला पाणी मागितलं. तेव्हा चन्नबसप्पा सगळ्या गल्लीसमोर म्हणाला, "लिंग घालवून बसलास आन् पाणी मागून राहिलास? जिवंत वर आलासच कसा?"

पुढे एका म्हाताऱ्या स्वामींनी वीरभद्रला पुन्हा दीक्षा दिली, नवं लिंग गळ्यात बांधलं. गावाने विषय सोडला, चन्नबसप्पाने सोडला नाही. त्या दिवसापासून भावाच्या हातचं पाणी त्याने घेतलं नाही. वीरभद्र लातूरला निघून गेला आणि जिल्हा झाल्यावर मिनीबस घेऊन सहली काढू लागला.

रत्नम्माने महिनाभर भुणभुण लावली तेव्हा चन्नबसप्पा तयार झाला, पण आपल्या पद्धतीने. "भाडं भरून जाऊ. पाव्हणं म्हणून न्हाई. आन् त्याच्या गाडीतलं पाणी मी पिणार न्हाई." गाडीत मागच्या बाजूला वीरभद्रने पाण्याचं मोठं टिपाड बसवलं होतं, तोटी लावून. ते असताना या गृहस्थाने घरून फिरकीच्या झाकणाचा पितळी तांब्या भरून घेतला. ज्या गावात पाण्यासाठी डोकी फुटत होती, त्या गावचं पाणी समुद्राला निघालं. गाडीतली माणसं तोंड फिरवून हसली. वीरभद्र हसला नाही. त्याने वहिनीला खिडकीजवळची जागा दिली आणि गाडी सुरू केली.

पहाटे एका धर्मशाळेपाशी गाडी थांबली. रत्नम्माने नळावर आंघोळ करून आपली पूजा उरकली. चन्नबसप्पा मात्र खाली उतरलाच नाही. "समुद्र आल्यावर करतो," एवढंच म्हणाला. त्याच्या चेहऱ्यावर तिला कधी नव्हे ती हौस दिसली, आणि तिला बरं वाटलं.

रत्नागिरीजवळ भाट्याच्या किनाऱ्यावर ऊन नुकतं वर आलं होतं. सुरूच्या बनातून बाहेर पडून मंडळी वाळूवर आली आणि समोर ते पाणी बघून जागीच थांबली. मग कमलम्मा म्हणून एक शेजारीण होती, ती म्हणाली, "आगं बया, एवढं पाणी आन् आपण बादलीवरून भांडून राहिलो!" सगळे हसले. बाया घोट्याएवढ्या पाण्यात लुगडी धरून किंचाळू लागल्या. चन्नबसप्पा धोतर खोचून सरळ आत गेला. कमरेइतक्या पाण्यात उभा राहिला, गळ्यातलं वस्त्र सोडलं आणि लिंग डाव्या तळहातावर घेतलं.

रत्नम्माला त्याच्या मनातलं वाचता आलं. आज पळी नाही, आज देवाला पोटभर आंघोळ. तिचे डोळे भरून आले. पण या माणसाने उभ्या जन्मात पाणी पाहिलं होतं ते आडाचं, तळ्याचं, घागरीतलं. ते ठेवलं तिथे राहतं. हे पाणी चालून येतं, हे त्याला कोण सांगणार? त्याने तळहात पाण्याला टेकवला, डोळे मिटले, आणि लाट आली.

ती त्याच्या छातीवर आपटून गेली. तो धडपडला, सावरला, आणि हात बघितला. हात रिकामा होता.

रत्नम्माने ते काठावरून पाहिलं. त्याने पाण्यात बुडी मारली, पुन्हा मारली, दोन्ही हातांनी तळची वाळू उपसली. लांबून वाटावं, म्हातारा मजेत डुंबतोय. कमलम्माने तर टाळ्यासुद्धा वाजवल्या. बऱ्याच वेळाने तो बाहेर आला तेव्हा ओलं वस्त्र त्याच्या गळ्यात पुन्हा बांधलेलं होतं, गाठ नीट बसवलेली. आत काही नव्हतं.

"झाली पूजा?" तिने विचारलं. तिला स्वतःचाच आवाज परका वाटला.

"चल," तो म्हणाला.

ती बोलली नाही, याला कारण होतं. चारचौघांत कळलं असतं तर पाणी न घेण्याचा त्याचा हट्ट लोकांसाठी झाला असता, आणि लोकांसाठी धरलेला हट्ट चन्नबसप्पा कधीच सोडत नसे. विहिरीच्या काठावरचे ते शब्द तिला आठवत होते. त्यालाही आठवत असणार. जिवंत वर आलासच कसा? आता तोच प्रश्न तो स्वतःला विचारत असणार.

सहल पुढे चालली. थिबा राजाच्या राजवाड्यात मंडळी फिरली, परक्या देशाच्या राजाला इथे आणून कोंडलं होतं हे ऐकून हळहळली. मासळीच्या संग्रहालयात देवमाशाचा सांगाडा बघून कमलम्मा नाकाला पदर लावून बाहेर पळाली. मांडवीच्या धक्क्यावर कुणीतरी विचारलं, कुठले तुम्ही? मुरुड म्हटल्यावर तो माणूस म्हणाला, "म्हणजे समुद्रावरचेच की." त्याच्या ओळखीचं मुरुड वेगळं होतं. एरवी चन्नबसप्पाने त्याला चांगला झाडला असता. आज तो ऐकल्यासारखंही करीना.

प्रत्येक ठिकाणी खायला-प्यायला होतं. कोकमाचं सरबत आलं, त्याने हात हलवला. शहाळी फोडली, त्याने मान फिरवली. "पोट बरं न्हाई," म्हणाला. ऊन डोक्यावर आलं तशी त्याच्या ओठांवर पांढरी साय धरली. रत्नम्मानेही मग कशाला हात लावला नाही. पितळी तांब्या ती काखेत धरून हिंडत होती आणि तिची नजर त्याच्या पायांवरून हलत नव्हती. तो दर दहा पावलांवर टेकायला आधार शोधत होता.

दुपारी गाडी रत्नदुर्ग किल्ल्यावर गेली. मंडळी भगवतीचं दर्शन घेऊन दीपगृहाकडे वळली. चन्नबसप्पा वळला नाही. तो तटाच्या बाजूने एकटाच निघाला. तटाखाली खोल कडा होता, आणि खाली खडकांवर पाणी फुटत होतं. तटाचा दगड जिथे ढासळून ठेंगणा झाला होता तिथे तो थांबला आणि खाली बघत राहिला.

रत्नम्मा घाबरली. इतकी घाबरली की तिला हाक मारता येईना. ती आल्या पावली पळाली ती थेट गाडीपाशी. वीरभद्र टिपाडाची तोटी धुवत होता.

"भाऊजी, लिंग गेलं. यांचं. सकाळी, समुद्रात. पाण्याचा थेंब घेतला न्हाई अजून. तिकडं कड्यावर जाऊन उभे राहिलेत."

क्षणभर तिला वाटलं, हा आता हसेल. हसला असता तर तिने दोष दिला नसता. वीरभद्रने हात धोतराला पुसले आणि तो चालू लागला. ती मागोमाग पळाली.

"कशाला आलास?" पाठमोऱ्या चन्नबसप्पाने विचारलं. पावलांवरून त्याने भाऊ ओळखला होता.

"गाडी निघायची हाय, अण्णा."

"जा मग. मी येत न्हाई." मग वळून त्याने रत्नम्माकडे बघितलं. "तू सांगितलंस."

"हाव," ती म्हणाली. "सांगितलं. काय करायचं ते करा."

चन्नबसप्पा भावाकडे वळला. उन्हाने आणि उपासाने त्याचे डोळे आत गेले होते. "म्हण मग. विहिरीच्या काठावर मी तुला काय म्हणलो होतो, ते म्हण मला. तुझा हक्क हाय."

"न्हाई म्हणत."

"का?"

"लई लागतं ते, अण्णा," वीरभद्र म्हणाला. "मला ठाऊक हाय ना."

खाली लाट फुटली. चन्नबसप्पाने धोतराच्या सोग्याने डोळे पुसले. रत्नम्माने त्याला बापाच्या मर्तिकातसुद्धा असं पाहिलं नव्हतं.

"मीबी असाच बसलो होतो," वीरभद्र सांगू लागला. "तू बोललास त्यानंतर पाणी सोडलं. मरायचंच म्हणून सोडलं. लोकांनी मला उचलून स्वामींकडं नेलं. ते काय बोललेच न्हाईत. आधी स्वतःच्या हातानं पाणी पाजलं, दीक्षा मागनं दिली. हायत अजून ते. आपण संध्याकाळी निघू, त्यांच्याकडंच जाऊ. सहल अर्धी सोडली म्हणून मंडळी चिडली तर चिडू दे. पण तवर पाणी घे."

रत्नम्माने घाईने फिरकी उघडली आणि तांब्या पुढे केला. "घ्या. आपल्या घरचं हाय. मुरुडचं हाय."

चन्नबसप्पाने तांब्याकडे बघितलं आणि तो बाजूला सारला. "हे न्हाई."

तिने तांब्या मागे घेतला. झालं, ती मनात म्हणाली. संपलं सगळं.

"वीरा," चन्नबसप्पा भावाला म्हणाला, आणि हे नाव त्याच्या तोंडातून कितीतरी वर्षांत निघालं नव्हतं. "तुझ्या टिपाडातलं आण."

वीरभद्र आधी जागचा हललाच नाही. मग तो पळाला. पन्नाशीच्या घरातला, पोट सुटलेला माणूस धोतर सावरत भर उन्हात पळत गेला. रत्नम्मा मटकन दगडावर बसली. तांब्या तिच्या हातात तसाच उघडा होता. मुरुडचं पाणी, सांडायचं तरी कसं? तिने तोंडाला लावला आणि रडत रडत पिऊन टाकला.

वीरभद्र धापा टाकत परत आला, हातात पाण्याने भरलेला जग आणि पेला. चन्नबसप्पाने पेला घेतला नाही. त्याने दोन्ही हात जुळवून ओंजळ पुढे केली. सकाळी रिकामा झालेला डावा तळहात खाली होता. वीरभद्रने धार सोडली. बोटांमधून पाणी गळत राहिलं आणि चन्नबसप्पा पीत राहिला. धार थांबली तेव्हा त्याने ओंजळ मागे घेतली नाही.

"अजून वत," तो म्हणाला.