भिंतीवरचे दोन हात

आमच्या दाना ओली या गल्लीतल्या गटारात उतरलेला सफाईवाला आतल्या वायूने गुदमरून मेला, तेव्हा गल्ली दोन दिवस हळहळली. तीही गटार तुंबलेलंच राहिलं म्हणून. मी शाळेत चित्रकला शिकवतो. उगाच कशात पडत नाही. पण त्या हळहळीने माझं डोकंच फिरलं. त्याच्या बायकोला भेटायला गेलो, तर ती एवढंच म्हणाली, "भाईसाहब, गली वाले इतना तो मानें कि वो यहाँ मरे थे।"

वडिलांच्या जुन्या एक्स-रेच्या फिल्मवर मी ब्लेडने दोन हात कापले. जमिनीतून वर आलेले, कुणीतरी ओढून घ्यावं म्हणून पसरलेले. त्या सफाईवाल्याच्या उजव्या हाताचं मधलं बोट अर्धंच होतं, तेही तसंच ठेवलं. गल्ली ओळखेल अशी खात्री होती. पहाटे गटाराच्या झाकणाजवळच्या भिंतीला फिल्म धरून काळा स्प्रे मारला आणि स्वतःवर खूश होऊन घरी येऊन चहा प्यालो.

कोणी ओळखलं नाही. इतकी वर्षं आमची घाण काढणाऱ्याचा हात कोणी कधी पाहिलाच नव्हता. आठवडाभरात तिथे हळद-कुंकू लागलं. अर्धं बोट कुणीतरी शेंदराने पुरं केलं. देवीचे हात उमटले म्हणे! माझी बायकोही हार घेऊन निघाली.

"अगं, ते मी छापलेत."

"मग काय झालं? देवीनेच करवून घेतलं असेल ना तुमच्याकडून. आणि बाहेर बोलू नका हं, लोक नाराज होऊन जातील."

मी बोललो नाही. खोटं कशाला सांगू, माझ्या चित्रापुढे सगळे वाकतात याने थोडा सुखावलोही होतो.

नवरात्रात तिथे आरती सुरू झाली. एका संध्याकाळी त्या सफाईवाल्याची बायको आली. हात बघायला ये, असा निरोप मीच पूर्वी धाडला होता. तिने भिंतीला हात लावायला बोटं पुढे केली, तोच शेजारच्या काकू तबक सावरत ओरडल्या, "ए बाई, दूर से! और चप्पल उधर उतारो।"

तिने माझ्याकडे पाहिलं. तिने चप्पल काढली, चार पावलं मागे सरकली आणि नवऱ्याच्या हातांना लांबूनच नमस्कार केला. मी आरतीच्या टाळ्या वाजवत राहिलो.