कॅनॉलवरची हजेरी

दादाची बरणी नाहीशी झाल्याचं मला ईमेलने कळलं. ईमेल दादाला होता.

"आपली डबी पाच जणांना सापडलेली नाही. तीस दिवसांत आपण स्वतः जागेवर जाऊन खात्री करावी, अन्यथा तिची नोंद नकाशावरून काढून टाकण्यात येईल." दादा जाऊन दोन वर्षं होत आली होती, त्यामुळे स्वतः जागेवर जाणं त्याला अवघड होतं. त्याचा पासवर्ड मला ठाऊक होता, कारण सगळ्या गोष्टींना त्याचा एकच पासवर्ड होता आणि तो अख्ख्या घराला ठाऊक होता. मी ईमेल वाचला आणि पुढचे एकोणतीस दिवस काहीही केलं नाही.

जिओकॅशिंग नावाचा हा खेळ आहे. कुणीतरी कुठेतरी एक डबी लपवतं आणि तिची जागा नकाशावर टाकतं. मग बाकीचे लोक फोन हातात धरून ती शोधत हिंडतात. डबीत वही असते. वहीत नाव आणि तारीख लिहायची, डबी होती तिथे ठेवायची आणि घरी यायचं. बक्षीस वगैरे काही नाही. दादा शाळेत गणित शिकवून निवृत्त झाला आणि दुसऱ्याच महिन्यात या नादाला लागला. धाकटा म्हणून मलाही जावं लागलं. वहिनी याला 'दोघांचं भंगार वेचणं' म्हणायची आणि परत आल्यावर आधी हात धुवायला लावायची.

शेकडो डब्या शोधल्यावर दादाने स्वतः मात्र एकच लपवली. बुद्धपौर्णिमेची सुट्टी होती. त्याने घरातली पिवळ्या झाकणाची लोणच्याची बरणी घेतली, तीत थोडं लोणचं शिल्लक होतं याकडे दुर्लक्ष केलं, बरणीला काळी चिकटपट्टी गुंडाळली आणि हडपसरच्या अलीकडे कॅनॉलच्या भरावावर एका करंजाच्या मुळात ठेवून दिली. तो गेल्यावर त्याचे कपडे वहिनीने वाटून टाकले, स्कूटर पुतण्याने नेली. नकाशावरचा तो हिरवा ठिपका आणि त्याखाली दादाने लिहिलेल्या चार ओळी, एवढंच त्याने ठेवलं तसं उरलं होतं. ते जाऊ नये असं मला वाटत होतं. आणि जागेवर बरणी नसली, तर तो ठिपका दादाच्या नावाने मलाच पुसावा लागणार होता, म्हणून जायला पाय उचलत नव्हता.

घरबसल्या 'बरणी जागेवर आहे' असं लिहून टाकता आलं असतं. पण ते दादाच्या नावाने खोटं बोलणं झालं असतं, आणि दादाने आयुष्यात एका पोराला अर्धा मार्क फुकट दिलेला नाही.

तिसाव्या दिवशी, मंगळवारी, मी रजा टाकली. खराडीच्या एका कंपनीत मी सॉफ्टवेअर तपासतो. म्हणजे दुसऱ्याच्या चुका शोधायच्या आणि त्या त्याला नम्रपणे कळवायच्या. साहेबांनी कारण विचारलं तेव्हा घरगुती काम असं सांगितलं.

रिक्षाने थेट करंजापाशी जाता आलं असतं. मी सकाळी नऊला पर्वतीच्या पायथ्यापासून चालायला सुरुवात केली. कॅनॉलच्या काठाने नकाशावर चार डब्या होत्या आणि दादाची चौथी. आधीच्या तीन शोधत गेलं तर दुपार होईल असा माझा हिशेब होता. मला घाई नव्हती, हे कबूल केलेलं बरं.

खडकवासल्याहून निघालेलं पाणी इथे येईपर्यंत बरंच काही बघून आलेलं असतं. त्यातून एक उशी चालली होती, माझ्याच वेगाने. तिच्या सोबतीने मी स्वारगेटपर्यंत आलो.

पहिली डबी एका लोखंडी कठड्याच्या पोटात चुंबकाने चिकटवलेली होती. ती काढायला मी कठड्यावर ओणवा झालो, तेवढ्यात पाठीमागे एक गृहस्थ येऊन उभे राहिले. हातात दुधाची पिशवी.

"मापं घेताय का?"

"नाही."

"रस्ता होणार आहे ना इथे, कॅनॉल बुजवून?"

"मला कल्पना नाही."

"तुम्हाला नसणारच. तुम्हाला सांगतात कुठे," ते सहानुभूतीने म्हणाले. "आमची भिंत मात्र आत आहे हं. लिहून घ्या."

मी वहीत माझं नाव आणि तारीख लिहिली. आपली भिंत लिहून घेतली गेली, अशा समाधानाने ते गेले. फोनकडे बघत, मधेच थांबत आणि भिंतींच्या बुडाशी वाकत चालणारा मध्यमवयीन माणूस पुण्यात फक्त सरकारी असू शकतो. दुसऱ्या डबीपर्यंत आणखी दोघांनी मला भिंती दाखवल्या आणि एका बाईंनी शेजाऱ्यांची.

दुसरी डबी मिळाली. तिसरी एका कुत्र्याच्या ताब्यात होती. तो उठायची मी वीस मिनिटं वाट पाहिली. तो उठला नाही. मी 'सापडली नाही' असं न लिहिता 'कुत्रा' असं लिहिलं आणि पुढे निघालो.

करंजापाशी पोहोचलो तेव्हा साडेबारा झाले होते. झाड तेच होतं. मुळातला खड्डाही तोच, तोंडावर दादाने लावलेल्या दोन अर्ध्या विटा अजून तशाच. त्या बाजूला केल्या. आत पानं होती. पानांखाली माती होती. मी कोपरापर्यंत हात घातला, मग दुसऱ्या मुळाखाली, मग शेजारच्या झाडाखाली, जिथे ती असण्याचं काही कारण नव्हतं. बरणी नव्हती.

झाडापासून चाळीस-पन्नास पावलांवर पत्र्याची एक शेड आहे. खाली सिमेंटचे दोन बाक, खांबाला एक हिरवी लोखंडी पेटी. तिथे बसून मी डबा उघडला आणि पोळीभाजी खाल्ली. भूक नव्हती, पण डबा भरलेला परत नेला तर घरी उत्तरं द्यावी लागतात. मग फोन काढला. 'नोंद कायमची काढून टाका' हे बटण लाल रंगाचं होतं. ते दाबलं की 'आपली खात्री आहे का?' असं विचारतात. मी नाही म्हटलं. असं तीनदा केलं.

काठावर एक बाई गवत कापत होती. ती केव्हापासून सगळं बघत असावी.

"बरणी बघताय व्हय?"

मी ताडकन उठलो. "तुम्हाला माहितीये? कुठंय?"

तिने विळ्याने माझ्या डोक्यावरची पेटी दाखवली. "त्यात हाय की. पर कुलूप हाय. सायब येत्याल साडेचारला, त्यांच्याकडं चावी."

"कोण साहेब?"

"हजेरी घेत्यात ते," ती म्हणाली आणि भारा उचलून गेली.

पेटीला खरंच कुलूप होतं. फटीतून पिवळ्या झाकणाची कड दिसत होती. मी साडेचारपर्यंत तिथून हललो नाही.

बरोबर साडेचारला एक ताठ गृहस्थ आले. पांढरा शर्ट, खिशाला दोन पेनं, काखेत कापडी पिशवी. मागून त्यांच्याच वयाचे पाच-सहा जण. मी म्हटलं, "ही पेटी जरा उघडता का?"

त्यांनी घड्याळ पाहिलं. "मस्टर चार पस्तीसला उघडतं. आपण बसा."

चावी त्यांच्या हातात होती. आम्ही पाच मिनिटं एकमेकांकडे बघत बसलो. हे गृहस्थ कुठल्याशा सरकारी कार्यालयातून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेले आहेत, असं तेवढ्यात शेजारच्यांनी मला सांगितलं. सांगितलं नसतं तरी चाललं असतं.

चार पस्तीसला पेटी उघडली. आत दादाची बरणी होती, पुसून स्वच्छ ठेवलेली. तिच्याखाली जाडजूड रजिस्टरं.

"हा मूळ दस्तऐवज," हेडक्लार्क बरणीतली छोटी वही काढत म्हणाले. "तीन वर्षांपूर्वी आम्हाला झाडाखाली मिळाला. वाचा, सूचना स्पष्ट आहे."

पहिल्या पानावर दादाचं अक्षर होतं, फळ्यावर असायचं तसं सरळ. 'ही वही हाती आल्यास आपले नाव व तारीख लिहावी आणि वही जागेवर ठेवावी.'

"आम्ही लिहिलं. दुसऱ्या दिवशी वही पुन्हा हाती आली, पुन्हा लिहिलं. एकदाच लिहावं असं त्यात कुठे म्हटलेलं नाही."

खरंच म्हटलेलं नव्हतं. छोटी वही बावीस दिवसांत भरली होती. मग त्यांनी वर्गणीतून रजिस्टर आणलं, त्यात रकाने आखले: नाव, वेळ, सही, शेरा. पावसाने भिजायला लागलं म्हणून पेटी बसवली, आणि लोक मधल्या वेळात येऊन कशाही सह्या करतील म्हणून कुलूप. सकाळी सहा ते साडेसात, संध्याकाळी साडेचार ते सहा. डबी न सापडलेले ते पाच जण दुपारी आले असणार.

मी फोन काढला आणि दादाच्या नावाने लिहिलं: 'डबी सुस्थितीत आहे. शोधणाऱ्यांनी वेळेत यावे.' हिरवा ठिपका हिरवाच राहिला. माझं काम झालं होतं. तेवढ्यावर मी निघालो असतो, पण शिष्टाचार म्हणून मला पहिल्या रजिस्टरपासून मस्टर दाखवण्यात आलं, आणि तिसऱ्याच ओळीत आमचं आडनाव होतं.

पुढे दादाचं नाव. पुढे दादाची सही. मी पुढची पानं चाळली. तो रोज येत होता. वर्षभर तरी, रोज चार चाळीसच्या सुमारास. कधीतरी बरणी तपासायला आला असेल, हा सगळा प्रकार बघितला असेल, आणि ही मंडळी चुकतायत हे न सांगता त्यांच्यातच सही करून बसला असेल. ज्या माणसाने आयुष्यभर लोकांच्या चुका तांबड्या शाईने दाखवल्या, त्याने ही एक सोडून दिली होती. मला मात्र तो 'बरणी ठीक आहे' एवढंच सांगायचा. मला राग आला. खोटं कशाला बोलू, हेवा वाटला.

शेऱ्याच्या रकान्यात तो काहीबाही लिहायचा. 'खंड्या दिसला.' 'पाणी बंद.' एका शनिवारी लिहिलं होतं, 'उद्या धाकट्याला आणणे.' रविवारी, 'धाकटा आला नाही.' तो फोन मला आठवतो. कॅनॉलवर एक गंमत दाखवतो, चल, म्हणाला होता. मी म्हटलं, पुढच्या आठवड्यात बघू. हा शेरा चार शनिवारी होता, आणि चार रविवारी.

मग त्याची सही थांबली होती आणि लाल शाईतलं 'गै' सुरू झालं होतं. गैरहजर. पानामागून पान, एकही दिवस न चुकता, काल संध्याकाळपर्यंत.

"आपण ओळखता यांना?" हेडक्लार्कनी विचारलं.

"थोरले भाऊ."

"मग निरोप द्या त्यांना. न कळवता इतकी गैरहजेरी बरी नाही. आम्ही कारण विचारत नाही, पण साधा अर्ज टाकायला काय हरकत होती? चांगला माणूस. घरचा पत्ता मागायचं राहून गेलं, नाहीतर मीच आलो असतो."

"ते वारले," मी म्हणालो. "दोन वर्षं होतील आता."

 बाकावरच्या एकाने डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवली. हेडक्लार्कनी पेनाचं टोपण काढलं, परत लावलं.

"आम्हाला कळवलं नाही कुणी," ते म्हणाले.

"तुम्ही आहात हे आम्हाला माहीत नव्हतं."

 मग पिशवीतून त्यांनी एक कोरा कागद काढला आणि स्वतःचं निळं पेन माझ्यापुढे धरलं. "तसं लेखी द्या. नाव कमी करावं लागेल."

नाव कमी करणं मला नवीन नव्हतं. रेशनकार्डावरून दादाचं नाव मी कमी केलं होतं. विजेच्या बिलावरून, गॅसच्या पुस्तकावरून, बँकेतून, सोसायटीच्या पाटीवरून. वहिनीला ते बघवत नव्हतं म्हणून सगळीकडे मीच गेलो, दाखल्याच्या झेरॉक्स घेऊन. अर्ज मला तोंडपाठ झाला होता. 'विषय' एवढं लिहिलं आणि माझा हात पुढे सरकेना. सहा अनोळखी म्हाताऱ्यांसमोर मला रडू आलं. दादाच्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी, सगळे श्रद्धांजलीला जमले तेव्हाही, आलं नव्हतं. त्या दिवशी मी खुर्च्या मोजत होतो.

त्यांनी मला रडू दिलं. कुणी पाठीवर हात वगैरे ठेवला नाही, आणि ते मला फार बरं वाटलं.

"मी लेखी देणार नाही," मी म्हणालो.

"मग नाव कमी करता येत नाही."

"नका करू."

"रोज गैरहजेरी लागेल."

"लागू द्या."

हेडक्लार्कनी माझ्या हातातून कागद काढून घेतला, त्याची घडी घातली आणि पिशवीत टाकला. मग बाकावरच्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात ते म्हणाले, "लेखी काही आलेलं नाही. आपल्याला काही माहीत नाही."

बाकीच्यांनी माना डोलावल्या. त्यांनी लाल पेन उघडलं, दादाच्या नावापुढे आजच्या चौकोनात सावकाश 'गै' लिहिलं, आणि शाई वाळेपर्यंत पान उघडं ठेवलं.